अरिकमेडूच्या थाळीचं माहेर

पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली पुदुचेरीजवळ अरिकमेडू या प्राचीन बंदराच्या जागी उत्खनन केलं, तेव्हा त्यांना इटलीतल्या अरेझोची लाल, तकतकीत भांडी मिळाली. ती परदेशी, यात शंका नव्हती. सोबत आणखी एक थाळी सापडली. पातळ, राखाडी-काळी, हाताला गुळगुळीत, आतल्या तळावर पाचरीसारख्या बारीक खुणांची वर्तुळं. पुरातत्त्वज्ञ तिला रूलेटेड वेअर म्हणतात. ही नक्षी भूमध्य समुद्राकडची, म्हणून पहिल्या थाळ्या तिकडून आल्या आणि मग इथल्या कुंभारांनी त्यांची नक्कल केली, असा व्हीलर यांचा कयास होता.

पण नक्षी पाहून नक्षीचंच मूळ कळतं. थाळी कुठे घडली, हे मातीला विचारावं लागतं.

कुंभार माती सहसा जवळपासचीच घेतो, आणि त्या गाळात ज्या खडकांची झीज उतरलेली असते त्यांची खनिजं असतात. भट्टीत सगळी टिकत नाहीत; केओलिनाइट या चिकणमातीतल्या खनिजाची रचना ५००-६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मोडते. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार मात्र चिवट. खापराचा कण खलात घोटून त्या पिठावर क्ष-किरण सोडले, की स्फटिकांतल्या अणूंच्या थरांवरून ते ठरावीक कोनांतच जोरात बाहेर पडतात. प्रत्येक खनिजाचे कोन वेगळे, त्यामुळे आलेखातल्या शिखरांवरून खनिजं ओळखता येतात. यासाठी चिमूटभर पीठ पुरतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी ठिकठिकाणची खापरं आणि माती अशी ताडून पाहिली. १९९७ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष इटलीपासून फार लांबचा होता: ही माती बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली. तामलुक म्हणजे जुनं ताम्रलिप्ती बंदर.

गाळाच्या प्रदेशांतल्या मात्या एकमेकींसारख्या दिसू शकतात, म्हणून केवळ खनिजांवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. मूलद्रव्यांचं प्रमाणही मोजायला हवं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशा रासायनिक अभ्यासातही भारत आणि श्रीलंकेतली ही खापरं एकाच भूशास्त्रीय स्रोताची दिसली.

याच प्रकारच्या थाळ्यांचे तुकडे इंडोनेशियातल्या बाली बेटावर, सेंबिरनलाही सापडले आहेत. अरिकमेडूला ती थाळी पश्चिमेकडून नव्हे, उत्तरेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने आली असावी. आणि तशीच दुसरी एखादी गलबतातून पूर्वेला गेली.