ओतलेलं रेझिन आणि छापलेलं रेझिन: घासायचं नेमकं काय?

गेल्या महिन्यात नागपूरच्या वायुसेनानगरातला एक कॉलेजचा मुलगा डबा घेऊन घरी आला. डब्यात मिग-२१ बिस विमानाचं १/४८ मापाचं प्लास्टिकचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचं मॉडेल, आणि त्यात बसवायला वेगळा मागवलेला रेझिनचा कॉकपिट. त्यानं कॉकपिटचा टब, म्हणजे जमीन आणि भिंती असलेलं खोकं, ट्यूबलाइटसमोर धरला. डाव्या भिंतीला, स्विचच्या पॅनलच्या बरोबर मागे, तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. "काका, तुम्हीच सांगितलं होतं ना, उजेड दिसेपर्यंत घासायचं?"

सांगितलं होतं, पण साच्यात ओतलेल्या रेझिनबद्दल. त्याच्या हातात होतं ते थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला वायुसेनेनं मिग-२१ ला निरोप दिला. तेव्हापासून ओळखीतला जो तो कपाटातलं मिग-२१ काढून बसलाय, आणि हा एकच घोळ मला पुन्हा पुन्हा पाहायला मिळतोय. डब्यावर नुसतं 'रेझिन' लिहिलेलं असतं. दोन्ही माल राखाडी दिसतात, दोन्हींना प्लास्टिकचं सिमेंट चालत नाही, फेविक्विक किंवा अराल्डाइटच लागतं. त्यात हल्ली ओतीव सेटचा मूळ नमुनाही बरेचदा प्रिंटरवरच काढतात, त्यामुळे जाहिरातीत 'थ्रीडी' दोघांच्याही नावापुढे येतं. माणूस फसणारच. (कागदावर उठावाचं रंगीत पॅनल छापून येतं, ते तिसरंच प्रकरण. ते किटच्याच प्लास्टिकवर स्टिकरसारखं चिकटवायचं, त्याचा इथे संबंध नाही.)

ओतलेलं रेझिन तुम्हाला माहीत आहे. दोन भागांचं पॉलियुरेथेन सिलिकॉनच्या साच्यात ओततात आणि भागाला खाली जाड ठोकळा चिकटून येतो. साबणानं धुवायचं, ठोकळा करवतीनं कापायचा, वाकडं असेल तर गरम पाण्यात धरून सरळ करायचं. छापलेलं रेझिन अतिनील प्रकाशानं थरावर थर पक्कं होत जातं. ते ओळखायची खूण म्हणजे खालचे केसासारखे बारीक पाय, एकेका भागाला वीस-तीस. तिरप्या पृष्ठभागावर भिंग धरलं तर थरांच्या पायऱ्याही दिसतात. हे पाय भागाला टेकवून कापू नका, भागाच्या अंगाला खड्डा पडतो. थोडं अंतर ठेवून कापा आणि उरलेला ठोंब घासून काढा. ओळख पटवायला इतकं पुरे.

आता खरा मुद्दा. कॉकपिट फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, बसत नाही, कारण कुठेतरी माल जास्त असतो. तो जास्तीचा माल कोणाच्या अंगावर आहे, हे दोन्ही प्रकारांत वेगळं असतं.

आधी हिशेब करा. किटच्या फ्यूजलाजची भिंत साधारण १ मिलिमीटर जाड असते. १/४८ मध्ये ती खऱ्या विमानात ४८ मिलिमीटर होते, म्हणजे जवळपास दोन इंच. खऱ्या विमानाचा पत्रा इन-मीन एक-दोन मिलिमीटरचा. किट बनवणाऱ्याचा इलाज नाही, साच्यात प्लास्टिक वाहायला तेवढी जाडी लागतेच. पण रेझिनचा टब खऱ्या मापाच्या जवळ जाऊ पाहतो, आणि त्या दोन इंची भिंतीनं त्याची जागा आधीच खाल्लेली असते. १/७२ मध्ये तर तीच भिंत ७२ मिलिमीटरची. म्हणून प्लास्टिक पातळ करणं दोन्हींना लागतं, त्यातून सुटका नाही.

रेझिनच्या बाजूला मात्र फरक पडतो. ओतलेल्या टबात भाग कुठे संपतो आणि ठोकळा कुठे सुरू होतो, याची नेमकी रेघ नसते. करवत फिरवल्यावरही जमिनीखाली मिलिमीटर-दीड मिलिमीटर ठोकळाच उरतो. तो घासून काढायचा, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. तो राहिला की टब वर उचलला जातो, कारण मिग-२१ च्या कॉकपिटच्या पोटाशीच पुढच्या चाकाची खोबण येते आणि टबाला खाली सरकायला जागा नसते. मग खुर्चीचं डोकं काचेला टेकतं, पॅनलवरची झापड वर येते, आणि लोक म्हणतात सेट चुकीच्या मापाचा निघाला. सेट बरोबर असतो, घासणं अर्ध्यावर सोडलेलं असतं.

हे काम मी असं करतो. जाड काचेवर २२० चा वॉटर पेपर पाणी टाकून चिकटवतो. इतवारीत हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. टबाच्या तळावर पेन्सिलनं आडव्या-उभ्या रेघा मारतो आणि इंग्रजी आठाच्या आकारात, बोटांचा दाब चारी कोपऱ्यांवर सारखा ठेवून फिरवतो. एका कोपऱ्यावरच्या रेघा आधी पुसल्या गेल्या तर हात तिकडे झुकतोय हे कळतं. दर वीसेक फेऱ्यांनी वरून मोबाइलचा टॉर्च. तळ आधी काळपट दिसतो, मग दुधाळ, मग पेडलच्या भोवती मधासारखा उजेड झिरपायला लागतो. तिथे थांबायचं. पाण्यातच घासा आणि मास्क लावा. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देण्याची वस्तू नाही, हे 'एकदाच घासतोय' म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावं.

छापलेल्या टबाला हा नियम लावला की भोक ठरलेलं. त्याला ठोकळा नाही. त्याची भिंत आली तीच शेवटची जाडी. त्या मुलाच्या सेटची भिंत मोजली तर अर्धा मिलिमीटरही नव्हती, उजेड तिच्यातून पहिल्याच दिवशी दिसत होता. तिथून काढायला जादा असं काही नव्हतंच. पायांचे ठोंब सोडले तर छापलेल्या टबाला कागद लावायचाच नाही. सगळी तडजोड प्लास्टिकच्या बाजूनं करायची. उजेडाची परीक्षा इथेही आहे, पण ती फ्यूजलाजची.

त्यासाठी आधी किटच्या आतल्या फासळ्या, टब टेकायच्या पट्ट्या आणि साच्याच्या खिळ्यांच्या गोल खुणा काढून टाका. मग काळ्या मार्करनं टब टेकतो ती जागा रंगवा आणि गोल पात्याच्या स्कॅल्पेलनं खरवडा. मोटरचं टूल मी इथे वापरत नाही. प्लास्टिक तापून वितळतं आणि क्षणात आरपार जातं. खरवडल्यावर बारीक गुंडाळ्या निघतात. दर थोड्या वेळानं टब बसवून बघा. जिथे अडतो तिथला मार्कर घासला जातो, तेवढंच पुन्हा खरवडा. कडेचा वरचा दीड-दोन मिलिमीटरचा पट्टा शेवटी आणि सगळ्यात जपून, कारण काच उघडी ठेवली की नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. छापलेलं ठिसूळ असतं, दाबून बसवायला गेलात की कोपरा टिचतो. त्याला पक्कं व्हायला ऊन लागतं असं ऐकून काही जण गच्चीवर ठेवतात. नागपूरच्या मे महिन्यात ते करू नका, पातळ भाग वाकडे होतात आणि जास्त अतिनील प्रकाशानं आणखी ठिसूळ. फेविक्विक दोन्हींना तेच, पण ते हवेतल्या ओलाव्यावर धरतं. कोरड्या उन्हाळ्यात सावकाश, कूलर चालू असेल तर झटकन, आणि दमट हवेत आजूबाजूला पांढरी साय येते. काचेजवळ म्हणून मी अराल्डाइटच घेतो. आणि बिसचा सेट टाइप ७७ मध्ये, म्हणजे जुन्या मिग-२१ एफएलमध्ये, घालू नका. एफएलची काच पुढच्या बिजागरीवर उघडते, बिसची उजवीकडे, आणि खुर्चीही वेगळी. सेटवर किटचं नाव असतं, ते विमानाच्या नावाआधी वाचा.

माझी निवड विचाराल तर टब ओतलेला, खुर्ची आणि विमान चालवायची काठी छापलेली. खुर्चीला कुठे घुसायचं नसतं, तिच्यावरच्या पट्ट्यांची घडी छापील मालात जास्त धारदार येते. टबाला मात्र कमी-जास्त करायला जागा हवी, आणि ती ओतीव मालातच मिळते.

त्या मुलाचं भोक आम्ही बाहेरून पातळ प्लास्टिक शीटचा तुकडा अराल्डाइटनं लावून बुजवलं. आतून रंगाखाली दिसत नाही. पण त्या तुकड्याची जाडी वाढली, म्हणून फ्यूजलाजच्या डाव्या अर्ध्यात तेवढी जागा आणखी खरवडावी लागली. टब त्यानं उजव्याच अर्ध्याला चिकटवलाय, डावा अजून सुटा आहे. रंग वाळला की रबर बँड लावून तीन वेळा जुळवून बघ, मगच बंद कर, असं सांगून पाठवलाय.