फाइलसिस्टम-दुरुस्तीच्या टेस्ट कधी पास, कधी फेल का होतात? थोडी पार्श्वभूमी

“भाऊ, रन पुन्हा मारला, आता हिरवा आला.” म्हणजे फेल झालेली टेस्ट काहीही न बदलता पुन्हा चालवली आणि ती पास झाली. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात काय, मिहानमध्ये काय, हे वाक्य कानावर पडतंच. वेबपेजच्या बटणाची टेस्ट असेल तर एक वेळ चालून जाईल. फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे, कशा ठेवल्यात याची व्यवस्था, दुरुस्त करणाऱ्या साधनाच्या बाबतीत मला ते मुळीच पटत नाही. हे साधन आधीच बिघडलेल्या डिस्कवर लिहितं, आणि त्या डिस्कची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुणाकडे नसते. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली, की लिनक्स मशीन पुन्हा सुरू होताना डिस्क तपासायला हेच साधन पुढे येतं.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिस्कवरच्या ब्लॉकचा (जागेच्या तुकड्यांचा) हिशोब आयचेक हा प्रोग्रॅम बघायचा, डिरेक्टरीतल्या दुव्यांचा डीचेक. पुढची बरीचशी दुरुस्ती ऑपरेटरने हाताने करायची. 1970च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्समध्ये टेड कोवाल्स्की यांनी एफएससीके लिहिलं आणि तपासणी व दुरुस्ती एकाच प्रोग्रॅममध्ये आली.

लिनक्सवर 1993 मध्ये ईएक्सटी2 ही फाइलसिस्टम आली. तिच्या ई2एफएसप्रॉग्ज या साधनसंचातल्या टेस्टची रचना आजही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक टेस्टच्या फोल्डरमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या फाइलसिस्टमची एक छोटी इमेज (एका फाइलीत साठवलेली प्रत) असते आणि अपेक्षित आउटपुटच्या दोन फाइली असतात. ई2एफएससीके हे संचातलं दुरुस्तीचं साधन त्या इमेजवर दोनदा चालवतात. पहिल्या फेरीत दुरुस्ती होते, आउटपुटच्या शेवटी एक्झिट स्टेटस (प्रोग्रॅम संपताना देतो तो निकालाचा आकडा) 1 येतो, म्हणजे चुका सापडल्या आणि सुधारल्या. दुसऱ्या फेरीत 0 यायला हवा, म्हणजे आता काही शिल्लक नाही. दुसऱ्या फेरीतही काही दुरुस्त करावं लागलं, तर पहिली दुरुस्ती अर्धवट होती. इतकी साधी आणि इतकी कडक कसोटी मी दुसरीकडे क्वचितच पाहिली.

पण आउटपुट अक्षरशः जुळवायचं म्हटलं की घड्याळ आडवं येतं. सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइलसिस्टमच्या मुख्य माहितीच्या ब्लॉकमध्ये, शेवटच्या माउंटची (वापरासाठी जोडल्याची) वेळ असते आणि ती ‘भविष्यातली’ निघाली तर ई2एफएससीके तक्रार करतं. एखाद्या टेस्टच्या अपेक्षित आउटपुटमध्ये ग्रिनिचची वेळ छापलेली असेल, तर नागपूरच्या मशीनवर तीच वेळ साडेपाच तास पुढची दिसते आणि टेस्ट लाल होते. त्यावर उपाय म्हणजे टाइमझोन बांधून टाकणे. शिवाय ‘आत्ता किती वाजले’ हे बाहेरून सांगता यावं म्हणून ई2एफएससीकेमध्ये खास एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच (प्रोग्रॅमला बाहेरून देता येणारी किंमत) आहे.

पुढचा गुंता क्रमाचा. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम 1994 मध्ये एसजीआय कंपनीच्या आयरिक्स या युनिक्सवर आली, 2001 मध्ये लिनक्सवर. तिचं दुरुस्ती-साधन एक्सएफएस-रिपेअर डिस्कचे अॅलोकेशन ग्रुप (फाइलसिस्टमचे मोठे भाग) अनेक थ्रेडमधून, म्हणजे एकाच वेळी, तपासतं, त्यामुळे ग्रुप 1 ची ओळ कधी ग्रुप 0 च्या आधी छापली जाते. एफएसटेस्ट्स या टेस्टसंचात अशा ओळी फिल्टरमधून गाळूनच तुलना करतात. गाळणी हवीच, पण ती सैल झाली तर दुरुस्तीतली खरी चूकही तिच्यातून निसटते. म्हणून फिल्टर बदलणारा पॅच (कोडमधला बदल) मी टेस्टच्या पॅचपेक्षा जास्त बारकाईने वाचते.

सगळ्यात चिवट त्रास लूप डिव्हाइसचा. लूप म्हणजे साध्या फाइलीला डिस्कसारखं वापरू देणारं डिव्हाइस. टेस्ट इमेजला लूपवर जोडते, काम झालं की डिव्हाइस बंद करते. त्याच क्षणी यूडेव्ह, म्हणजे लिनक्सचा डिव्हाइसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम, जागं होऊन आत कुठली फाइलसिस्टम आहे हे बघायला डिव्हाइस उघडतं. पुढची पायरी ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणून आपटते. अशा वेळी हात आपोआप ‘स्लीप 2’ (दोन सेकंद थांब) लिहायला जातो. ओझं असलेल्या सर्व्हरवर दोन सेकंद पुरत नाहीत, मग ते पाच होतात, दहा होतात. ‘यूडेव्हअॅडम सेटल’ने यूडेव्हची रांग रिकामी होईपर्यंत थांबणं, हा खरा उपाय. 2014 मध्ये अपाचे या मुक्त-सॉफ्टवेअर संस्थेच्या 51 प्रकल्पांमधल्या अशा कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टच्या 201 दुरुस्त्यांचा अभ्यास झाला, त्यातही सर्वांत मोठं कारण हेच निघालं: नीट वाट न पाहणे.

फझिंग, म्हणजे मुद्दाम बिघडवलेला डेटा देऊन तपासणं, आल्यावर यादृच्छिकता मुद्दामच आत आली. एक्सएफएस-डीबी या एक्सएफएसच्या साधनाची फझ आज्ञा मेटाडेटाच्या (फाइलसिस्टमच्या स्वतःच्या नोंदींच्या) एखाद्या फील्डमध्ये सगळी शून्यं भरते, मधला बिट उलटवते, किंवा काहीही रँडम टाकते. ती रँडम किंमत लॉगमध्ये उतरवलेली नसेल, तर फेल झालेली टेस्ट पुन्हा तशीच घडवता येत नाही.

फास्ट या स्टोरेजवरच्या परिषदेत 2018 मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात दुरुस्ती चालू असतानाच ती मध्ये तोडली होती, आणि ई2एफएससीके व एक्सएफएस-रिपेअर दोन्हींच्या बाबतीत काही इमेज अशा बिघडल्या की साधन पुन्हा चालवूनही सुधारल्या नाहीत. विदर्भातलं लोडशेडिंग अनुभवलेल्या कुणालाही हा प्रसंग काल्पनिक वाटणार नाही. आणि असं अपयश नेमक्या क्षणावर अवलंबून असल्यामुळे टेस्टमध्येही ते कधीतरीच दिसतं. रन पुन्हा मारला की गायब.

एफएसटेस्ट्सच्या चेक स्क्रिप्टमध्ये आता ‘एल’ हा पर्याय आहे. टेस्ट फेल झाली तर तीच ठरावीक वेळा पुन्हा चालवली जाते आणि किती वेळा पास, किती वेळा फेल याचा आकडा निकालात येतो. पहिलं अपयश त्या नोंदीतून पुसलं जात नाही.