बाकालार: म्हणतात लगून, पण पाणी गोडं

बाकालार हे मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यातलं गाव, त्याच नावाच्या लगूनच्या काठावरचं. तिथे निघणाऱ्यांना कानकुन-तुलुमचा किनारी पर्यटन पट्टा माहीत असतोच, तो सोडून थेट लगूनवर येतो कारण सगळा घोळ त्याच शब्दात आहे. शाळेच्या भूगोलात लगून म्हणजे खाजण, वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अडलेलं खारं पाणी, चिलिका आठवा. बाकालारचं पाणी मात्र गोडं. स्पॅनिशमध्ये 'लागुना' साध्या तळ्यालाही म्हणतात, इंग्रजीत त्याचं लगून झालं आणि तेच आपण उचललं. खरं तर हे ४० किमीहून लांब, चिंचोळं तळं आहे. युकातान, म्हणजे हा सगळा द्वीपकल्प, इथला खडक चुनखडीचा, पाऊस पडला की आत मुरतो, वर नद्या जवळपास नाहीतच, पाणी येतं ते जमिनीखालून. तळाशी पांढरा चुना आणि खोली कमीजास्त, म्हणून पाण्यात निळ्याच्या त्या प्रसिद्ध सात छटा दिसतात.

शब्दावर एवढं अडतोय कारण खाजण म्हटलं की वाटतं भरती-ओहोटी घाण घेऊन जाईल. इथे तसं काही नाही, आजूबाजूच्या जमिनीत जे मुरतं ते शेवटी तळ्यातच उतरतं. २०२० च्या जूनमध्ये वादळी पावसाने शेतांवरचं पाणी आणि गाळ आत आला, निळं तळं मातकट झालं आणि रंग परतायला खूप वेळ लागला.

काठाला फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे दिसणारे दगड आहेत ना, ते स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून बांधलेले, वरचा थर जिवंत. फोटोसाठी लोक त्यांच्यावर उभे राहतात आणि तो थर मरतो, हे बघवत नाही.

जुना इतिहास थोडक्यात: आधी इथल्या मूळच्या माया लोकांची वस्ती, १५४० च्या दशकात स्पॅनिश गाव, मग चाचे, ज्यातून रंग काढतात त्या लाकडासाठी आलेले इंग्रज, म्हणून १७३३ मध्ये पूर्ण झालेला सान फेलिपे किल्ला. १८५८ मध्ये बंडखोर मायांनी गाव घेतलं ते थेट १९०१ पर्यंत. वस्ती आजही १२-१३ हजारच.

२००६ मध्ये 'पुएब्लो माहिको', म्हणजे जादुई गाव, हा सरकारी शिक्का मिळाला आणि तिथून पर्यटन वाढत गेलं. २०११ मध्ये स्वतंत्र पालिका झाली, म्हणजे शिक्का आधी आणि स्वतःचा कारभार पाच वर्षांनी, माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता. २०२४ च्या अखेरीस त्रेन माया या युकातानभर फिरणाऱ्या नव्या रेल्वेचा इथला टप्पाही सुरू झाला, आता येणं सोपं झालंय, पण गर्दीबरोबर सांडपाणी वाढतं आणि खालचा खडक चाळणीसारखा आहे.