आजोबांना विचारा, सड्यावर काय आहे

कोकणातल्या कातळशिल्पांचा, म्हणजे उघड्या कातळावर खोदलेल्या चित्रांचा, मोठा शोध कुठल्या विद्यापीठाच्या प्रकल्पातून सुरू झाला नाही. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, तुडवत राहिले. पण एवढा सडा पायी चालून किती पालथा घालणार? मग त्यांनी शाळा गाठल्या. मुलांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे चित्रं खोदलेली आहेत का. उत्तरं येऊ लागली. काही गावांत ही पांडवांची चित्रं म्हणून आधीपासूनच माहीत होती. गोव्यातलं कुशावती नदीकाठचं फणसायमळ हे शिल्पांचं ठिकाणही १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आलं ते गावकऱ्यांनी सांगितल्यामुळेच.

एरवी पुरातत्त्वात क्रम ठरलेला असतो: सर्वेक्षण, मग परिषदेतला शोधनिबंध, आणि वेळ उरलाच तर लोकांसाठी एखादं व्याख्यान. इथे लोकांशी बोलणं हेच सर्वेक्षण होतं. खोदरेषा उथळ, त्यात माती साचलेली, वर पावसाळ्यात गवत. अशी शिल्पं उपग्रहाच्या चित्रात सहजी सापडत नाहीत, रोज गुरं घेऊन जाणाऱ्याला मात्र दिसतात.

या पद्धतीची एक गोम आहे. नकाशावर ठिपके जिथे दाट, तिथे शिल्पं जास्त की विचारणारे जास्त? रिकाम्या तालुक्यात खरंच काही नाही, की तिथे अजून कोणी चौकशी केली नाही, हे नुसता नकाशा बघून सांगता येत नाही. शिल्पांच्या प्रसाराविषयी मोठे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे आधी तपासावं, असं मला वाटतं.

सापडलेलं मात्र थक्क करणारं आहे. हजाराहून अधिक आकृत्या. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगातच इतर प्राणी कोरलेले. बारसूला एक माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ. कुठे शार्क, कुठे पाकट मासा. आणि गेंडा! आज कोकणात गेंडा नाही. कोरणाऱ्यांनी तो पाहिला असेल, तर तेव्हाचं रान आणि पाणी वेगळं असणार. शेतीचं चित्रण जवळजवळ नाही, म्हणून अनेक अभ्यासक ही शिकार करणाऱ्या लोकांची कला मानतात.

वय सांगणं सगळ्यात अवघड. कार्बन पद्धतीला कोळसा, हाड असं काही सेंद्रिय लागतं. दगडात कोरलेल्या रेघेत ते नसतं. मग आडवाटेने जावं लागतं: आसपासची दगडी हत्यारं, गुहांमधले थर, चित्रातले प्राणी. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खननात दगडी हत्यारं मिळाली, पण ती वापरणाऱ्यांनीच सड्यावर कोरलं हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यामुळे दहा-बारा हजार वर्षांचा आकडा ऐकला की तो अंदाज आहे हे लक्षात ठेवावं.

ही उलटतपासणी व्हायला परिषदा लागतात. भारतीय पुरातत्त्व परिषद आणि प्रागितिहासाच्या अभ्यासकांची संस्था यांचं संयुक्त वार्षिक अधिवेशन भरतं. तिथे नुसता सुंदर फोटो चालत नाही. मोजमाप, आराखडा, जागेची नोंद विचारली जाते. हौशी मंडळींच्या कामाला यातून धार येते, आणि गावाकडे परत सांगायला काहीतरी पक्कं हाती लागतं.

२०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. नऊ ठिकाणं: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. पण यादीत नाव आलं म्हणून सडा फोडणारी चिऱ्याची खाण थांबत नाही. बरेच सडे खासगी मालकीचे आहेत. तिथे जागामालकाचं मन वळवणं एवढाच तातडीचा उपाय असतो. उक्षी गावाने आपल्या हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक बांधकाम केलं, तेही गावाला त्याची किंमत पटल्यावर.

बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात रेघा आपोआप उठून दिसतात; फोटोसाठी त्यात खडू किंवा चुना भरू नका. खोबणीत साचलेली मातीही खरवडू नका. तिचे कण शेवटचे कधी उन्हात होते हे प्रयोगशाळेत मोजता येतं, आणि त्यावरून उद्या कदाचित एखाद्या शिल्पाचं किमान वय तरी कळेल.