सरळ रेषेत जवळ की रस्त्याने जवळ? अपघात मोजतानाचा घोळ

बडोद्याच्या नकाशावर अपघातांचे लाल ठिपके टाकले आणि मांडवी-रावपुरा लालेलाल दिसलं की कोणीतरी लगेच म्हणतं, बघा क्लस्टर, म्हणजे एकाच जागी अपघातांची गर्दी! पण क्लस्टर मोजला कसा ते विचारा आधी, कारण मोजायच्या पद्धती दोन आहेत आणि दोघींचं नाव के-फंक्शनच, म्हणून लोक सर्रास घोळ घालतात.

पहिली ब्रायन रिप्लीची, 1976ची. प्रत्येक अपघाताभोवती वर्तुळ काढायचं, आत बाकीचे किती सापडले ते मोजायचं आणि ठिपके कुठेही रँडम पडले असते तर किती सापडले असते त्याच्याशी ताडून बघायचं. दुसरी नेटवर्क के-फंक्शन, ओकाबे आणि यामादा यांची, 2001ची, हिच्यात वर्तुळ नाहीच, अंतर रस्त्यारस्त्याने मोजायचं.

आता एक अपघात सयाजीगंजात स्टेशनसमोर आणि दुसरा रुळांपलीकडे अलकापुरीत. कावळ्याला काय, रूळ ओलांडले की झालं, पण ॲक्टिवावाल्याला गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यातून, वळसा (आणि पावसाळ्यात गरनाळं भरलं की तेही विसरा). अटल ब्रिजवर एक आणि बरोबर त्याच्याखाली दुसरा झाला तर नकाशावर दोन्ही एकाच जागी!

अंतराचं एक वेळ चालवून घेऊ, मला जास्त खटकतं ते ‘रँडम’. रिप्लीच्या ‘कुठेही’मध्ये सूरसागरचं पाणी पण आलं आणि सयाजीबागेतली हिरवळ पण, तिथे कोणाची स्कूटर घसरणार सांगा? अपघात होणार रस्त्यावरच, म्हणजे ते सगळ्या रस्त्यांवर अगदी सारखे विखुरले तरी पहिली पद्धत क्लस्टर म्हणून ओरडणार, आणि चार दरवाज्यांच्या आत, जुन्या शहरात, जिथे गल्लीला गल्ली लागून आहे तिथे तर जास्तच, म्हणजे मोजायला गेलो अपघातांची गर्दी आणि मोजून आलो रस्त्यांची. दुसरीत कंप्युटर रँडम ठिपके फक्त रस्त्यांवरच टाकतो, शेकडो वेळा, आणि मग तुलना. यामादा आणि थिल यांनी 2004मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या अपघातांवर दोन्ही लावून बघितल्या, पहिली क्लस्टर फुगवून दाखवते हेच निघालं. जंगलातली झाडं मोजायला ती छान आहे, तिथे वापरा की.

दुसरी पण काही धुतल्या तांदळासारखी नाही हं. हायवेचा एक मीटर आणि घडियाळी पोळातल्या गल्लीचा एक मीटर तिला सारखेच, त्यामुळे कुठून किती गाड्या जातात ते वेगळं घातलं नाही तर नुसती रहदारी क्लस्टर होऊन बसते.

नॅशनल हायवेवरच्या ब्लॅक स्पॉटची 2015ची सरकारी व्याख्या बघा: सुमारे 500 मीटरचा तुकडा, 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. म्हणजे मोजतात तिथेही रस्त्यानेच, फक्त रँडमशी तुलना वगैरे भानगड नाही, आकडा गाठला की झाला स्पॉट.