चौथ्या महिन्यात माणसं जातात कुठे?

गोव्यात कारखाना वेर्ण्यातला असो वा हॉटेल कळंगुटचं, नोकरी सोडणाऱ्याच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात बहुधा दोनच शब्द असतात: 'घरगुती अडचण'. जाता जाता कोण कशाला वाईटपणा घेईल? खरं कारण हजेरीच्या मशीनमध्ये, रजेच्या अर्जांत आणि शिफ्टच्या वेळापत्रकात विखुरलेलं असतं. ते तुकडे जुळवून माणसं का येतात, का टिकतात, का जातात हे शोधणं म्हणजे मनुष्यबळ विश्लेषण, एचआरवाल्यांच्या भाषेत 'एचआर ॲनालिटिक्स'.

पण नुसती बेरीज-सरासरी केली तर हे आकडे सरळ फसवतात. समजा, एका हॉटेलने सीझनसाठी वेगवेगळ्या वेळी दहा जणांना घेतलं. एक जण दोन महिन्यांनी गेला, दोघे चार महिन्यांनी गेले. सात अजून कामावर आहेत. गेलेल्यांची सरासरी काढली तर 'आमच्याकडे माणूस साडेतीन महिनेही टिकत नाही' असं उत्तर येईल. ते चूक आहे, कारण टिकलेले सात हिशेबात आलेच नाहीत. उलट 'दहातले तीनच गेले, 70 टक्के टिकले' म्हणावं, तर त्या सातांपैकी तिघांना कामावर लागून जेमतेम दोन-तीन महिने झालेत. त्यांची परीक्षा व्हायचीच आहे.

हा पेच वैद्यकशास्त्राला आधीच पडला होता. उपचारानंतर रुग्ण किती काळ जगतात हे मोजायचं, पण अभ्यास संपतो तेव्हा बरेच रुग्ण सुदैवाने जिवंत असतात. त्यांचा आकडा धरायचा कसा? एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी 1958 मध्ये त्याची रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक टप्प्यावर फक्त तिथवर पोचलेल्यांचाच विचार करायचा. आपल्या हॉटेलात दुसऱ्या महिन्याला दहातले नऊ टिकले, म्हणजे 0.9. चौथ्या महिन्याला त्या नवांतले तीन नवखे वगळून सहाच जण पोचले आणि त्यातले चार टिकले, म्हणजे 0.67. दोन्हींचा गुणाकार 0.6. म्हणजे चार महिन्यांपुढे टिकण्याची शक्यता 70 नव्हे, 60 टक्के. दहा जणांवरून कुणी धोरण ठरवू नये, पण पाचशे जणांच्या नोंदींवर हीच रीत लावली की टिकण्याच्या शक्यतेचा आलेख नेमका कुठे घसरतो ते डोळ्यांना दिसतं. मला ही रीत फार सुंदर वाटते. जे अजून घडलेलं नाही, त्यालाही ती हिशेबात जागा देते.

संगणकाला जुन्या नोंदी शिकवून पुढचं भाकीत करायला लावणं ही पुढची पायरी, आणि तिथे मला भीती वाटते. ॲमेझॉनने नोकरीच्या अर्जांना गुण देणारी प्रणाली बनवून पाहिली होती. ती दहा वर्षांच्या अर्जांवर शिकली आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. मग 'महिला' हा शब्द आला की ती गुण कापू लागली. प्रकल्प गुंडाळावा लागला आणि 2018 मध्ये ही गोष्ट जगासमोर आली. गोव्यातही असं होऊ शकतं. दर चतुर्थीला आठ दिवस रजा घेणारा माणूस यंत्राच्या लेखी 'अनियमित' ठरेल, जरी तो त्याच जागी पंधरा वर्षं टिकलेला असला तरी.

म्हणून माणसागणिक 'हा जाणार' असा शिक्का मारण्यापेक्षा गटागटाचे आलेख शेजारी ठेवून पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. समजा, सकाळच्या शिफ्टचा आलेख सपाट आहे आणि दुपारच्या शिफ्टचा चौथ्या महिन्यात कोसळतो. मग दुपारच्या शिफ्टमध्येही गावागावांची विभागणी करायची. फोंड्याचे लोक टिकलेत, वाळपई आणि काणकोणचे गेलेत. आता शिफ्ट रात्री किती वाजता सुटते आणि त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची बस कधी निघते, हे दोन आकडे शेजारी मांडायचे. तिसऱ्या महिन्यात असलेल्या कामगाराला त्याच आठवड्यात बोलावून विचारायचं, 'रात्री घरी कसे पोचता?'