बांबूच्या पेरातली रोजनिशी

विल्यम डॅम्पियर मुळात समुद्री चाचा. 1651 साली इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या ईस्ट कोकर गावी जन्मलेला हा माणूस कॅरिबियन समुद्रात स्पॅनिश जहाजे आणि वसाहती लुटणाऱ्या टोळ्यांबरोबर हिंडला. पण त्याचा जीव अडकलेला असे तो कागदांत. वारा कुठून सुटला, कासव कसे दिसते, कोणते फळ कसे खातात, सारे तो टिपून ठेवी. 1681 मध्ये पनामाची संयोगभूमी पायी ओलांडायची ठरली, तेव्हा त्याने बांबूचे एक मोठे पेर घेतले, त्यात रोजनिशी घातली आणि दोन्ही तोंडे मेणाने बुजवली. वाटेत नद्या पोहून जाव्या लागल्या, तरी कागद कोरडे राहिले.

1688 मध्ये साथीदारांना विटून तो निकोबारला उतरला. तिथे होडी उलटली, कागद भिजले, ते त्याने शेकोटीवर वाळवले. मग त्याच होडीतून मोजक्या सोबत्यांसह भर समुद्रातून सुमात्रा गाठले. वाटेत वादळाने गाठल्यावर वाटलेली भीती आणि मागच्या आयुष्याचा पश्चात्ताप त्याने आडपडदा न ठेवता लिहिला आहे. मला त्याचे हे लेखन सर्वांत खरे वाटते.

1697 मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून आले आणि गाजले. त्याच्या जोरावर नौदलाने त्याला ‘रोबक’ जहाज दिले. 1699 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे त्याने वनस्पती गोळा केल्या. परतताना, 1701 मध्ये, जहाज असेन्शन बेटापाशी बुडाले. वनस्पतींचे नमुने मात्र वाचले. त्यांतले काही ऑक्सफर्डमध्ये आजही जपलेले आहेत. कप्तान म्हणून तो कमी पडला. हाताखालच्या अधिकाऱ्याला क्रूरपणे वागवल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तरीही पुढे त्याने आणखी दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. 1715 मध्ये तो लंडनमध्ये वारला.

वारे आणि सागरी प्रवाहांवरचे त्याचे लेखन पुढच्या दर्यावर्दींच्या उपयोगी पडले. डार्विननेही त्याची पुस्तके वाचली. पण त्याच लेखणीने ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींना ‘जगातले सर्वांत दीनवाणे लोक’ म्हटले होते. 1770 मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावरून किनाऱ्यावरची माणसे लांबून पाहताना निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सला ती अगदी काळीकुट्ट भासली. डॅम्पियरच्या वर्णनामुळे मनात आधीच ग्रह बसला होता, अशी कबुली बँक्सने स्वतःच आपल्या रोजनिशीत दिली आहे.